भरे ते हिंजवडी, मार्गे ‘बोलंल की’

आमच्या भरे गावातल्या बायका हल्ली लांब लांब जातात. कुणी काशीला, कुणी केरळला. एक तर दुबईला जाऊन आली आणि तिथल्या इमारती किती उंच आहेत ते आल्यागेल्याला ऐकवत राहिली. मी हिंजवडीला गेले. आमच्या गच्चीवर उभं राहिलं की रात्री डोंगरापलीकडं जे लाल दिवे लुकलुकतात, ते हिंजवडीच्या टॉवरांचेच. इतकं ते जवळ. पण माझ्या मुलाला घेऊन तिथं पोचायला मला वर्षाच्या वर लागलं. दुबईला व्हिसा धरूनही एवढा वेळ लागत नाही म्हणे.

कशाला गेले ते आधी सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल नोकरी शोधायला गेली होती. नोकरी मला आहे, पिरंगुटला. शिवांश, माझा मुलगा, तेव्हा साडेतीन वर्षांचा होता आणि बोलत नव्हता. तसा अगदी मुका नव्हता. मोबाईलवर ऐकून एक ते शंभर आकडे इंग्रजीत म्हणायचा, तेही गोऱ्या साहेबाच्या उच्चारात. एबीसीडी सरळ म्हणायचा, उलटीही म्हणायचा. फक्त आई, पाणी, भूक, दुखतंय असलं किरकोळ काही म्हणायचा नाही. हाक मारली तर वळायचा नाही. कुकरचं झाकण अंगणात गरगर फिरवत अख्खी दुपार काढायचा. हे काय आहे, ते मला शिकलेल्या माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं. ऑटिझम असेल तर आहे म्हणा, नसेल तर नाही म्हणा. एवढंच. ज्यांच्या घरी असंच पोर आहे आणि जे अजून उंबऱ्याच्या बाहेर पडलेले नाहीत, त्यांनी हे जरूर वाचावं. निदान रस्ता तरी कळेल.

भरे

प्रवासातला सगळ्यात अवघड टप्पा आमचं स्वतःचं अंगण. तो ओलांडताना माझा दम निघाला.

आमच्या घरात कशावर एकमत होत नाही. रस्त्याकडचं वावर विकताना झालं नाही, त्या पैशाची पांढरी गाडी घेताना झालं नाही. शिवांशवर मात्र झालं. ते एकमत दोन शब्दांचं होतं, ‘बोलंल की.’ सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. आत्या म्हणायच्या, “सचिन पाच वर्साचा हुईस्तोवर बोलला न्हवता. आता बघ.” सचिन म्हणजे माझा नवरा. मी त्याच्याकडं बघितलं. तो अजूनही फारसा बोलत नाही, त्यामुळं पुरावा म्हणून मला तितकासा पटला नाही.

बरं, खाण्यावरून काही लक्षात यावं, तर तेही नाही. शिवांश जेवायला नुसता पांढरा भात खायचा. वरणाचा थेंब पडला तरी ताट ढकलून द्यायचा. पण आमचा मुळशी तालुका भाताचा. घरचा इंद्रायणी नुसता खाणारं पोर आमच्याकडं चवीचं समजतात. “तांदळाची पारख हाय त्याला,” असं आत्या शेजारणीला कौतुकानं सांगायच्या.

आणि इंग्रजीचं तर विचारूच नका. आमच्या खोल्यांमध्ये कंपनीत कामाला असलेली बिहारकडची मंडळी भाड्यानं राहतात. त्यांच्यातला एकजण “बच्चा तो इंजीनियर बनेगा” म्हणाला. झालं. त्या दिवसापासून आलेल्या प्रत्येक पाहुण्यासमोर शिवांशला उभं करून आकडे म्हणून घ्यायचे. सचिनचे चुलते आप्पा, पूर्वी ग्रामपंचायतीत सदस्य होते आणि अजून ते विसरलेले नाहीत, ते म्हणाले, “ह्याला मराठीची गरजच न्हाई. हिंजवडी हाय शेजारी. लागंल कंपनीत.” पोराला तहान लागली हे सांगता येत नाही आणि ह्यांनी त्याला कंपनीत चिकटवूनसुद्धा टाकला.

शेवटी अंगणवाडीच्या ताईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, दाखवून घ्या. पिरंगुटच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं: आधी कान तपासा, मग हिंजवडीला बालविकासाच्या तज्ज्ञ आहेत, त्यांच्याकडं जा. घरात मी फक्त कानाचं बोलले. कान तपासायला आमच्याकडं अब्रू जात नाही. त्याच्या वरचं काही तपासायचं म्हटलं की जाते.

भूगाव आणि चांदणी चौक

कानाची तपासणी कोथरूडला होती. मूल झोपलेलं असताना डोक्याला तारा लावून करतात. म्हणून तिथल्या बाईंनी फोनवर बजावलं होतं, आदल्या रात्री उशिरापर्यंत जागं ठेवा, सकाळी लवकर उठवा, वाटेत झोपू देऊ नका. शेवटची सूचना देणारी बाई भूगावातून कधी गेलेली नसावी.

ज्यांनी भूगाव पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. हे एक पर्यटनस्थळ आहे. माणसं सकाळी तिथं गाडीत बसून येतात आणि बराच वेळ तिथंच थांबतात. दोन्ही बाजूंना मंगल कार्यालयं, फर्निचरची दुकानं, आणि मधे आपण. गाडी थांबली, इंजिनाची घरघर सुरू झाली, आणि शिवांशच्या पापण्या मिटायला लागल्या. मी गाणं म्हटलं. सचिननं हॉर्न वाजवला. मागं बसलेल्या आत्यांनी ओल्या पदरानं त्याचं तोंड पुसलं. तरी पोरगं डाराडूर झोपलं. चांदणी चौकाचा पूल लागला, गाडीनं वेग घेतला, आणि टक्क जागा. कोथरूडला पोचलो तेव्हा त्याच्याइतकं ताजंतवानं त्या दवाखान्यात कुणी नव्हतं. त्यांनी झोपेचं औषध पाजलं, त्यानं ते माझ्या ड्रेसवर ओकून टाकलं. आम्ही परत आलो. येताना भूगावात पुन्हा झोपला.

पुढच्या खेपेला पहाटे निघालो, रस्ता मोकळा होता, तपासणी झाली. कान उत्तम निघाले. आत्यांनी देवापुढं साखर ठेवली. “बघ, म्या म्हनत न्हवते? काय न्हाई पोराला.” आता खरी अडचण सुरू झाली होती, कारण ज्याला ऐकू येतं ते पोर आईनं मारलेल्या हाकेला वळत नाही, म्हणजे काय? हे मी सचिनला विचारलं. तो म्हणाला, “हिंजवडीचा नंबर लाव.” लग्नाला सहा वर्षं झाली, इतकं मुद्द्याचं तो पहिल्यांदाच बोलला.

माण मार्गे हिंजवडी: पहिली फेरी

आम्ही तिघं जाणार होतो. आमच्याकडं तीन माणसं फक्त दुधाच्या डेअरीत जातात. दवाखान्यात जायचं तर गाडी भरून. आत्या निघाल्या, आणि आप्पा तर निघालेच, कारण हिंजवडीत त्यांची ओळख होती. पांढरे कपडे, कपाळाला गंध, खिशात दोन फोन.

खरं सांगायचं तर ही तयारी मी ओळखायला हवी होती. शिवांशला नवा सदरा. डोळ्यांत काजळ, गालावर तीट. मला बघायला पाहुणे नेऱ्याला आले होते तेव्हा माझ्या माहेरी अगदी हीच धावपळ होती, आणि माझ्या सख्ख्या आत्यानं पाहुण्यांना सांगितलं होतं, मुलीला सगळा स्वयंपाक येतो. तेव्हा मला चहा येत होता. पाहुण्यांना चांगलं तेवढं दाखवायचं, उरलेलं लग्नानंतर निस्तरायचं, ही आमची रीत. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, एवढंच नाही, तर “ताक कुणाला हवंय?” असंही विचारायचं.

घोटावड्याच्या पुढं भाताची खाचरं हिरवीगार होती, नजर हटत नव्हती. माणपाशी ती संपली आणि कंपन्यांच्या कॅब लागल्या. प्रत्येक कॅबमध्ये एक मनुष्य कानात काहीतरी घालून झोपलेला. एका हातगाडीवर वडापाव खाल्ला. वडा गरम, चटणी झणझणीत, पण विकणारा हिंदीत बोलत होता आणि आप्पा त्याच्याशी मराठी-हिंदीची मिसळ करून बोलत होते. शिवांशनं पावाचा कडेचा भाग तेवढा खाल्ला, तोही एकाच बाजूचा.

दवाखाना एका काचेच्या इमारतीत होता. फाटकावर वर-खाली होणारा दांडा होता आणि तो बघून शिवांश जागेवर खिळला. गाडीतून उतरला, दांड्यापुढं बसला, उठेना. मागं गाड्यांची रांग लागली. आप्पांनी ओळखीचा फोन लावला. ओळख म्हणजे कुणाचा तरी मेव्हणा, तो शेजारच्या इमारतीत रखवालदार निघाला. त्यानं लांबून हात केला. वशिल्याचा उपयोग तेवढाच झाला. शेवटी सचिननं पोराला उचलून आत नेलं.

आत डॉक्टर बाई होत्या, साध्या कुर्त्यात, जमिनीवर सतरंजी टाकून बसलेल्या. भोवती खेळणी. मी मनात म्हटलं, चला, माणसासारखं माणूस भेटलं. आप्पांना त्यांनी गोड बोलून बाहेर बसवलं. आत्या काही हलल्या नाहीत.

“नावानं हाक मारली की बघतो का?” बाईंनी मला विचारलं.

“व्हय की,” आत्या म्हणाल्या. “लई हुशार हाय.”

बाईंनी हाक मारली, “शिवांश.” तो चाकाची गाडी उलटी करून चाक फिरवत होता.

“घरात आमी सरकार म्हनतो त्याला,” आत्या म्हणाल्या. मग सरकार म्हणून हाक झाली. सचिननं ‘शिवा’ म्हणून बघितलं. दाराबाहेरून आप्पांनी “ओ पैलवान” अशी आरोळी ठोकली. सरकार चाक फिरवत होते. शेवटी आत्यांनी पिशवीतला बिस्किटाचा पुडा चुरचुरवला आणि त्यानं झटकन मान वळवली. “बघा,” आत्या म्हणाल्या, “बघतो का न्हाई?”

“काही हवं असलं तर बोटानं दाखवतो?”

“त्याला दावायची पाळीच कशाला येऊ द्यायची? आमी आदीच देतो.”

“इतर मुलांबरोबर खेळतो?”

“खेळतो की. अंगणात दहा पोरं असत्यात.”

हे खरं होतं. दहा पोरं असायची, आणि हा त्यांच्याकडं पाठ करून कुकरचं झाकण फिरवत असायचा. मी तसं सांगितलं. पुढच्या प्रश्नालाही आत्यांनी व्हय म्हटलं आणि मी नाही म्हटलं. त्याच्या पुढच्यालाही तेच. आमच्या घरात परक्या माणसासमोर सासूचं बोलणं खोडायची पद्धत नाही. सचिन छताकडं बघायला लागला. आत्यांनी माझ्याकडं वळून हळू आवाजात विचारलं, “मनीषा, तुला पोराला येडं ठरवायचंय का?”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढं वर्ष एका शब्दासाठी घालवलं, आणि तो शब्द ऐकायची वेळ आली तर मीच वैरीण ठरले.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. एका बैठकीत पक्कं सांगत नाही, म्हणाल्या, अजून बघावं लागेल. “पुढच्या वेळी गर्दी नको. पण आजींना आणा.”

मला वाटलं माझ्याच ऐकण्यात चूक झाली. ज्यांना घरी ठेवायचं त्यांनाच आणायला सांगतायत.

गावात आमच्या आधी बातमी पोचली होती. आप्पांनी वाटेतूनच फोन केले होते, काय न्हाई निघालं म्हणून. शेजारणीनं पेढे मागितले. दिले. पेढे चांगले होते, पिरंगुटचे.

हिंजवडी: दुसरी फेरी

ह्या खेपेला आत्या गाडीत पुढं बसल्या आणि घोटावड्यापासून हिंजवडीपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. खाचरं तशीच हिरवी होती, पण त्यांच्याकडं बघायची मला इच्छा नव्हती. सचिन गाडी चालवत होता, म्हणजे त्याला न बोलायला कारण होतं.

बाईंनी आज प्रश्न विचारले नाहीत. आत्यांना सतरंजीवर बसवलं. त्यांच्यापुढं शिवांशची पाण्याची बाटली ठेवली, बूच घट्ट लावलेली. मला आणि सचिनला भिंतीपाशी बसायला सांगितलं. शिवांश आधी खेळण्यांमध्ये रमला. मग त्याला तहान लागली. तो आला, आत्यांचं मनगट धरलं आणि त्यांचा हात नेऊन बुचावर ठेवला.

आत्यांचा चेहरा खुलला. “बघा बाई. माजाच हात धरतो. दुसऱ्या कुनाचा धरत न्हाई.”

“आजी, आता हात सैल सोडा,” बाई म्हणाल्या. “काही करू नका. तो काय करतो ते फक्त बघा.”

आत्यांनी हात सोडला. शिवांशनं तो उचलून पुन्हा बुचावर ठेवला. हात पडला. त्यानं पुन्हा उचलला, दाबला, बोटं एक एक करून बुचाभोवती बसवली. नळाची तोटी अडकली की आपण जशी खालीवर करून बघतो तसं. मग तो ओरडायला लागला. बुचावर ओरडत होता. आत्या वाकल्या, “सरकार, वर बघ. म्या हितं हाय. माज्याकडं बघ की रं.” त्यांचं तोंड त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होतं. त्यानं मान तिरकी केली, त्यांच्या गालाच्या बाजूनं बाटली दिसते का बघितली, आणि पुन्हा मनगट ओढलं.

बाईंनी खूण केली. आत्यांनी बूच उघडून पाणी दिलं. तो प्यायला आणि गेला.

आत्या आपल्या हाताकडं बघत बसल्या. भाताची रोपं लावून लावून तो हात जाड झालाय. दिवसातून कितीदा तरी शिवांशनं तो धरलेला मी पाहिलाय, आणि मला हेवाही वाटलाय. मग त्या म्हणाल्या, “बाई, ह्यो हाताशी बोलतोय. माज्याशी न्हाई.”

“हो,” बाई म्हणाल्या. नुसतंच हो. पुढं काही जोडलं नाही, त्याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे.

मग कुणी न विचारता आत्या सांगायला लागल्या. त्या दिवशी जे जे सांगितलं होतं ते सगळं, त्याच क्रमानं, उलटं. नावानं बघत न्हाई. पुडा वाजवला की बघतो. बोट दावत न्हाई. पोरांत खेळत न्हाई, पोरं त्याच्या अंगावरून उड्या मारत्यात तरी त्याला पत्ता न्हाई. पडला, रगत आलं, तरी कुनाकडं आला न्हाई, तितंच बसला. हे शेवटचं मलाही माहीत नव्हतं. मी कामावर होते तेव्हा घडलेलं. म्हणजे त्यांनी सगळं पाहिलेलं होतं. माझ्यापेक्षा जास्त पाहिलं होतं.

मला वाटलं होतं, आत्या कधी कबूल झाल्या तर मला जिंकल्यासारखं वाटेल. मी त्यासाठी मनात चार वाक्यंसुद्धा तयार ठेवली होती, चांगली झोंबणारी. त्यातलं एकही आठवलं नाही. मी भिंतीला टेकून रडले, आणि सचिननं पहिल्यांदा चारचौघांत माझ्या खांद्यावर हात ठेवला.

थोड्या वेळानं बाईंनी तो शब्द सांगितला. ऑटिझम आहे. मग सावकाश समजावलं की हे वेड नाही, कुणाची नजर नाही, आईच्या नोकरीमुळं झालेलं नाही आणि मोबाईल बंद केला म्हणून जाणारही नाही. थेरपी सुरू करू, घरी काय करायचं ते शिकवू, शिकेल तो, त्याच्या चालीनं शिकेल. “मागायच्या आधी देणं थांबवा,” त्या आत्यांना म्हणाल्या. “थोडं थांबा. त्याला तुमच्याकडं यायला कारण द्या.” आत्यांनी शाळेतल्या पोरीसारखी मान हलवली.

परतीचा रस्ता

माणला कंपन्या सुटल्या होत्या. कॅबच्या मागं कॅब, आणि त्यांच्यामध्ये आमची गाडी, वावर विकून घेतलेली, जागच्या जागी. आप्पांचा फोन आला. आत्यांनी तो स्वतः घेतला. “ऑटिझम हाय म्हनली बाई,” त्या म्हणाल्या, शब्द नीट जुळवून. “व्हय. शिकवावं लागंल. आन् आता ह्याचे पेढे वाटू नका.” फोन ठेवला.

आता त्या मागं माझ्याशेजारी बसल्या होत्या. शिवांश त्यांच्या मांडीवर आडवा होऊन खिडकीतून चाकं बघत होता. तो दुसऱ्या कुणाच्या मांडीवर असा टिकत नाही. माझ्या तर नाहीच, मी घेतलं की अंग ताठ करून निसटतो.

बराच वेळ गाडी हलली नाही. मग आत्यांनी माझ्याकडं न बघता विचारलं, “मनीषा, त्याला ठावं तरी हाय का गं, म्या कोन हाय?”

मी म्हटलं, “ठावं हाय आत्या. दुसऱ्या कुणाच्या मांडीवर बसतो का, सांगा बरं.” त्यांनी खाली त्याच्याकडं बघितलं आणि पदराचं टोक त्याच्या पायांवर ओढलं. त्यांना पटलं असावं. पटण्यासारखंच होतं ते.

तोच प्रश्न मला त्यांना विचारायचा होता, माझ्याबद्दल: मी कोण, ते तरी त्याला ठावं आहे का. नाही विचारला. आत्यांनी लगेच ‘व्हय की’ म्हटलं असतं.